टोपीत ऐकू येत नाही

५ एप्रिल

ती. सौ. जाऊबाईंना,
सा. न. वि. वि.

तुम्ही शिवलेली टोपी पोचली. निळं सुती कापड, आत पांढरं अस्तर आणि चारी बाजूंनी चांगली रुंद कड. मला इतकी आवडली की आधी मीच घालून आरशासमोर मिरवले. पण ज्यांच्यासाठी एवढा घाट घातला, त्या सासूबाईंनी ती जेमतेम डोक्यावर ठेवली आणि काढून खुंटीला टांगली. कारण काय, तर म्हणे टोपीत ऐकू येत नाही! आम्ही पोट धरून हसलो. त्या मात्र हसल्या नाहीत.

महिनाअखेरीला तळ्यावर जायचंय. गेल्या उन्हाळ्यात हाका मारून आमचे घसे बसले तरी त्या भर उन्हात पुढे चालतच राहिल्या आणि भोवळ येऊन पडल्या, हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून यांनी यंदा ठणकावून सांगितलंय, टोपी नाही तर सहल नाही. सासूबाई म्हणतात, राहीन घरी. आणि दिवसभर पिशवीत कपडे भरतात, काढतात, पुन्हा भरतात. ते बघून माझाही जीव थाऱ्यावर नाही. काल भाजी करपली, आज दूध उतू गेलं. या हट्टीपणापुढे मी हात टेकले. तुम्हीच काही तोडगा काढा.

आहे तो लोभ वाढता ठेवा, टाके घट्ट घालून.
तुमची धाकटी जाऊ

९ एप्रिल

प्रिय धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मीही आधी हसले. मग दुकानात एका बाईचं माप घेता घेता हात थांबला. अगं, ती टोपी कानांना लागतसुद्धा नाही. मग ऐकू न यायला झालं काय?

त्यांच्या कपाळाला टोचू नये म्हणून मी कडेत बकरम घातलं नाही. म्हणजे ती ताठ न राहता डोळ्यांवर लोंबत असणार आणि समोरच्याचं तोंड दिसत नसणार. माझ्या मनात भलतंच आलंय. चुकले असेन तर खुशाल वेडी म्हण. त्यांच्या पाठीमागे उभी राहा आणि नेहमीच्या आवाजात काहीतरी बोल. लगेच कळव, मला चैन पडत नाहीये. टोपीही परत पाठव.

तुझी काळजी करणारी,
थोरली

१३ एप्रिल

ती. सौ. जाऊबाईंना,
सा. न. वि. वि.

त्या मटार सोलत होत्या. मी मागून म्हटलं, थोरले भाऊजी दारात आलेत. मोठ्या लेकाचं नाव निघालं की त्या ताडकन उठतात. पण त्या सोलतच राहिल्या. पुन्हा म्हटलं, तरी तेच. मग समोर गेले, तर गोड हसून विचारलं, चहा हवाय का.

एका घरात राहून मला कळलं नाही हो! यांना सांगू की नको, याच घोरात आहे. टोपी पाठवते आहे.

माया असू द्यावी.
धाकटी

३० एप्रिल

चि. सौ. थोरलीस,
अ. उ. आ.

टोपी छान बसली. पुढची कड आखूड आणि ताठ, मागची मानेवर सावली धरणारी. मला एका शब्दानं न विचारता तू हे केलंस, त्यावरूनच काय ते समजले.

ऐकू येणं हळूहळू कमी होत गेलं. हट्टी म्हातारीशी लोक भांडतात तरी, बहिरीशी बोलणंच सोडतात. म्हणून हट्टी म्हणवून घेतलं. काल तळ्याच्या वाटेवर मात्र मी आपणहून लेकाला सांगितलं, की गेल्या वर्षी तुमच्या हाका मला ऐकूच आल्या नव्हत्या. तो मागे पडला. धाकटी माझ्यापुढे उलट्या पावलांनी चालत होती, तोंड माझ्याकडे करून शेजारपाजारच्या सगळ्या भानगडी सांगत. ठेचकाळली, पण थांबेना.

थोड्या वेळानं बघते तर तिच्या शेजारी माझा लेकही तसाच उलटा चालत होता. काहीतरी बोलत होता, पण मला कळलं नाही. माझे डोळे भरून आले होते.

सुखी राहा, आणि अधूनमधून तोंड दाखवत जा.
तुझी सासू