अकराव्या वर्षाचा फोटो

साईनगर, अमरावती
११ एप्रिल

प्रिय प्रणालीताई,

तुले अन बाबाले नमस्कार. आमी सारे बरे आहोत, अन हे नुसतं लिहायचं म्हणून नाही लिहून राहिली, यावेळी खरंच बरे आहोत. तू म्हणशील, हातात फोन असताना ही बाई पत्र काहून लिहून राहिली? तर फोनवर तू मले बोलू देते का वं? "हॅलो" म्हटलं की तुझी गाडी अकोल्याहून सुटते ते बडनेऱ्यालेच थांबते. कागद मधात तोंड घालत नाही.

ऊन लय तापून राहिलं. मोर्शीहून ह्यांच्या मित्राची संत्री आली होती, त्यातली थोडी ह्यांच्यासंगं तुमच्यासाठी पाठवली. पिशवीत संत्र्यांच्या खाली टॉवेलात गुंडाळलेली एक फ्रेम आहे. ती आत्ताच काढू नको. आधी हे वाच.

हो, रागिणीचाच फोटो. निघाला बाप्पा एकदाचा! वर्षभर तू मागून राहिली अन मी टोलवून राहिली. कधी तिची परीक्षा, कधी ड्रेस शिवून आला नाही, कधी स्टुडिओ बंद. तुले पटत नव्हतं, ते मले समजत होतं. अन बाबाची शिस्त मी काय विसरली होती? नातवंडाले अकरावं लागलं की इस्त्रीचे कपडे घालून स्टुडिओत फोटो, अन तो बैठकीच्या भिंतीवर. "बारशाचा फोटो सारेच काढतात, लग्नाचाबी सारेच काढतात. मधातलं लेकरू कुठी जाते मंग?" हे बाबाचं म्हणणं. तुझ्या अंकुरचा फोटो पाहिला की तो आता दाढी करते हे खरंच वाटत नाही. नुसते दातच दात! एक-दोन वर्षांत ते तोंड गेलं ना वं कुठंतरी. मोबाईलमधे ढीगभर फोटो असतात, पण सारे पळतानाचे, नाहीतर तोंडापुढं हात धरलेले.

रागिणीचं तर अकरावं सरत आलं होतं.

आता सांगते. तिले कोड आलं आहे, ताई.

लिहून टाकलं. उजव्या डोळ्याखाली एक पांढरा डाग, अन ओठाच्या कोपऱ्याशी दुसरा. मागच्या उन्हाळ्यात टिकलीएवढा होता, मंग वाढत गेला. डॉक्टर म्हणतात, दुखत नाही, कोणाले लागत नाही, औषध घेत राहा. पण पोरीनं अकोल्याचं नावच टाकलं. तुझा व्हिडिओ कॉल आला की न्हाणीत जाऊन बसे. तू विचारशील, मले काहून नाही सांगितलं? शेजारची एक बाई मले म्हणाली, "पोरीची जात हाय, पुढं कसं होईल वं?" मी तिच्यावर अशी भडकली की गल्ली गोळा झाली, अन घरी येऊन ढसाढसा रडली. तसंच तुमच्यातलं कोणी बोललं असतं, तर मी कुठी गेली असती? बस, हीच भीती होती.

मागच्या रविवारी पोळ्या लाटून राहिली होती, तर तीच येऊन उभी. "आई, मले बारावं लागलं की आजोबा माहा फोटो नाही लावणार ना?"

मी म्हटलं, "नेम तर अकराव्याचाच आहे."

"मंग चाल." मी हात धुवायच्या आधी ती जिन्यात!

राजकमल चौकाच्या मागं मनोजभाऊचा छोटा स्टुडिओ आहे. भला माणूस. "हस, हस" म्हणून पोरीच्या मागं लागला नाही. विचारलं, "शाळेत तुले सगळ्यात जास्त राग कोणाचा येते?" हिनं अशी यादी सुरू केली की मधातच स्वतःले हसू आलं. तेच त्यानं पकडलं.

बुधवारी फोटो आणायले गेलो. अन पाहते तर मनोजभाऊनं दोन्ही डाग पुसून टाकलेले, वरून पोरगी चांगली गोरीपान केलेली. इथं सारे तसंच मागतात, त्याले वाटलं आपण मायेनं केलं. खोटं काहून बोलू ताई, ते साफ तोंड पाहून माहा जीव गार झाला. वाटलं, हाच पाठवून द्यावा अन मोकळं व्हावं.

रागिणीनं फोटो हातात घेतला. "काका, हे कोण होय?"

"तूच ना बेटा!"

"मी नाही. ही आजोबाच्या भिंतीवर लागली तर मले अकोल्याले कधीच जाता येणार नाही. गेली की सारे एकदा तिच्याकडं पाहतील अन एकदा माह्याकडं."

मनोजभाऊचं तोंड जरा उतरलं. पण "बरं, जशी आहे तशी काढून देतो" म्हणत कॉम्प्युटरवर बसला. मी तिथंच बाकावर टेकली. लय हलकं वाटलं ताई, खरंच. रस्त्यात दोघींनी उसाचा रस पिला, अन वर्षभरानं पहिल्यांदा तिनं दुसरा ग्लास मागितला.

काढ आता फ्रेम. दोन वेण्या, निळा ड्रेस, अन रागारागात हसून राहिली, हुबेहूब तुझ्यावाणी. डाग जिथं आहेत तिथं आहेत. रडू आलं तर रडून घे, मंग बाबाले चष्मा देऊन दाखव.

मी तिले म्हटलं होतं, शनिवारी आपण जाऊनच राहिलो, तर फ्रेम संगंच नेऊ. तर म्हणाली, "नाही, फोटो आधी जाऊ दे. त्याईले जितकं पाहायचं तितकं पाहून घेऊ दे. मंग मी येते."

म्हणून पोटभर पाहून घ्या. शनिवारी आमी येऊन राहिलो.

तुमच्यापासून आता काहीच लपवायचं न उरलेली,
तुझी पौर्णिमा