तिन्ही बाण आमच्याच चौकात आल्याबद्दल

प्रति,
मा. वाहतूक नियोजन अधिकारी,
नगरपालिका कार्यालय, दुसरा मजला

विषय: इस्त्रीच्या दुकानासमोरील एकेरी वाहतुकीचा बाण उलट फिरवून मिळणेबाबत.

संदर्भ: माझा गेल्या शुक्रवारचा अर्ज व त्यावरून पाहणीस आलेले आपले निरीक्षक (अद्याप येथेच).

महोदय,

मी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, वय वर्षे एक्याऐंशी, आपणांस विनंतीपूर्वक कळविते की,

१. आमच्या चौकाला तीन रस्ते मिळतात. कोंडी कमी करण्याच्या आपल्या नव्या योजनेत तिन्ही एकेरी झाले असून तिन्हींचे बाण चौकाकडे आहेत. गाडी आत येते. बाहेर जाण्यास नियमात वाट नाही. इतर रस्ते मोकळे झाल्याचे पेपरात वाचले. तेथील गाड्या आमच्याकडे आहेत.

२. माझे जावई गेल्या गुरुवारी "आई, दहाच मिनिटं टेकतो" म्हणून आले. लग्नाला एकोणीस वर्षे झाली, दहा मिनिटांवर ते कधी टेकले नव्हते. आज सातवा दिवस. नवी गाडी सोडून पायी जाण्यास ते तयार नाहीत आणि कॅमेऱ्यासमोरून उलट जाण्याची छाती नाही. खिडकीतल्या माझ्या खुर्चीत बसून ते गाड्या मोजतात.

३. निरीक्षक सोमवारी सरकारी जीपने आले. "आजी, मीच नियम मोडला तर दंड कोणत्या तोंडाने घेऊ?" असे त्यांचे म्हणणे. माणूस सरळ आहे, घोरतो मात्र. त्यांनी कार्यालयात फोन केला असता "लेखी कळवा" असे उत्तर आले. त्यांचा चष्मा जीपच्या सीटखाली चेपला गेल्याने लेखी मी कळवीत आहे.

४. एक्स्चेंजमध्ये एका नव्या मुलीने एकदा सगळे कॉल एकाच लाइनीकडे वळवले. बाकीचा बोर्ड गप्प झाला, तशी ती खुशीत आली. आमच्या मोठ्या बाईंनी येऊन बोर्डातली जोडणीची एक दोरी उपसली आणि म्हणाल्या, "बोर्ड गप्प झाला म्हणजे लोकांचं बोलणं झालं असं नाही गं." तेव्हापासून एक दोरी खुपसण्याआधी एक उपसायची, हा आमचा शिरस्ता. आपल्याकडे तशा बाई नसाव्यात.

५. सबब, इस्त्रीच्या दुकानासमोरचा बाण फिरवावा. त्याला दोनच बोल्ट आहेत. पाना घरी आहे.

६. वरील मजकूर लिहून झाल्यावर मुलीचा फोन आला. नवरा कोंडीत अडकला एवढेच तिला ठाऊक, म्हणून ती स्वतः शुक्रवारी दोन्ही मुलांना घेऊन गाडीने येत आहे. नऊ वर्षांत ही चौघे माझ्या घरी एकत्र आलेली नाहीत. बाणांचे मी तिला सांगणार होते. सांगितले नाही.

तरी बाण पुढील सोमवारी, दुपारच्या चहानंतर फिरवावा. त्याआधी फिरवल्यास अर्जदाराची हरकत राहील.

आपली नम्र,
(सही)
चौकातील पहिले घर
बुधवार, दि. १४

सोबत:
१) निरीक्षकांचा रजेचा अर्ज (त्यांनी सांगितला, मी लिहिला)
२) त्यांना घरून हव्या असलेल्या कपड्यांची यादी. आणणाऱ्याने कृपया पायी यावे.