दोन दातांसाठी पाच लेन्स

२ जून, सोमवार

आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. म्हणजे इथे खरं लिहिता येईल. खोटं लिहायला ऑफिस आहे.

सकाळी आईचा फोन. ती दादाकडे असते, दुसऱ्या गावी. भिंगरीचा हसतानाचा फोटो हवा म्हणाली. भिंगरी म्हणजे आमची मुलगी, वय सहा. एका जागी उभी राहत नाही म्हणून हे नाव. तोंड उघडून हसतानाचाच हवा. तिच्या वरच्या पुढच्या दोन दातांत जी फट आहे ती हुबेहूब बाबांची. बाबा गेले त्याला चार वर्षं झाली. हसतानाचा त्यांचा एकही फोटो नाही. फोटोत दात दाखवणं त्यांना हलकेपणाचं वाटायचं. प्रत्येक फोटोत ओठ मिटलेले, जणू साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे आहेत. आई म्हणाली, त्यांचं हसणं विसरत चालले रे मी. मोबाइलवर पाठवू नकोस, मला तिथे नुसतं धुकं दिसतं. मोठा छापून पाठव.

भिंगरीचा त्यातलाच एक दात हलतोय.

आईला शब्द दिला: आठ दिवसांत. ही (म्हणजे बायको) माझ्याकडे बघत राहिली. मग कॅलेंडरवर दहा तारखेला गोल केला. बोलली असती तर उत्तर तरी देता आलं असतं.

३ जून

मोबाइलमधले जुने फोटो पाहिले. एकातही चेहरा नाही. हसू आलं की ती गरकन फिरते, त्यामुळे सगळीकडे वेणी आणि धूर. ही म्हणाली, आपण परत काढू की मोबाइलवरच. मी सांगितलं, आईच्या शेवटच्या इच्छेशी खेळ नको. ती म्हणाली, शेवटची कशाला, त्यांना काय झालंय? मुद्दा तो नव्हता.

५ जून

पाणीपुरवठ्याच्या आमच्या ऑफिसातल्या एक्स्पर्टकडून (सगळे त्याला असंच म्हणतात) जुना कॅमेरा घेतला. एक्स्पर्ट माझ्या शेजारच्या खिडकीवर बसतो. पाणी कमी आल्याच्या तक्रारी त्याच्याकडे, बिल जास्त आल्याच्या माझ्याकडे. सोबत ५०ची, म्हणजे ५० मिलिमीटरची लेन्स. मुलांसाठी हीच, असं तो म्हणाला. डोळ्याला दिसतं तसंच दाखवते.

ग्रंथालयातून फोटोग्राफीची तीन जाड पुस्तकं आणली. युनियनच्या गेटसभेत मी कधी अभ्यासाशिवाय उभा राहिलो नाही, इथेही राहणार नाही. माझी भूमिका ठरली. एक, मुलांना 'हस' म्हणायचं नाही. हुकमावर हसायला ते काय साहेबाचे शिपाई आहेत? दोन, फ्लॅश नाही. उजेड हा सर्वांचा आहे! तीन, तडजोड नाही.

८ जून, रविवार

५०ने फोटो काढले. भिंगरी भरपूर हसली. पडद्यावर मोठं करून पाहिलं. डाव्या डोळ्याची पापणी इतकी स्पष्ट की केस मोजावेत. दात धुक्यात. पुस्तकात बघितलं. एवढी उघडी लेन्स ठेवली की पापणी धरली तर नाक सुटतं आणि नाक धरलं तर कान सुटतात. लेन्स थोडी बंद करायची असते. ते मला माहीत होतं. पण मग उजेड कमी पडतो, आणि उजेड कमी पडायला आमचं घर जबाबदार आहे. खिडकी चुकीच्या भिंतीत आहे.

ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. आणि वर भिंगरीला ती म्हण समजावून सांगितली.

आता ८५ची लेन्स.

१० जून

८५ भाड्याने आणली. लेन्सवाला फार सुसंस्कृत माणूस. म्हणाला, साहेब, तुमच्यासारख्या अभ्यासू माणसाने ५०वर थांबणं मलाच बरं वाटत नव्हतं. माणूस ओळखता येतो काहींना.

८५ चेहऱ्याला न्याय देते. मात्र मागे सरकावं लागतं. आमची बाहेरची खोली म्हणजे कपाट, दिवाण आणि दोघांना वळायला जागा. मागे सरकत सरकत पॅसेजमध्ये गेलो, तिथून मोरीत. मोरीत बादली होती. बादलीत पाय.

भिंगरी इतकी हसली की जमिनीवर बसली. तोंड पूर्ण उघडं. दोन्ही दात, फट, सगळं समोर. मी कॅमेरा वाचवण्यासाठी तो डोक्यावर धरला होता. त्यात छताचा एक फोटो आलाय. छत उत्तम आलंय.

तंत्राच्या दृष्टीने आज आपण फार जवळ पोचलो.

१२ जून

ऑफिसात दिवसभर मान दुखली. एका आजोबांनी तीनदा विचारलं, मी घरात एकटा, मग एवढं पाणी पितं कोण? मी त्यांचं बिल उलटं धरून वाचत होतो. मनात दातच.

एक दाढ किडली आहे म्हणून ही भिंगरीला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मीही जाणार होतो, पण मॅक्रो लेन्स आजच मोकळी होती. मॅक्रो म्हणजे मुंगीची मिशी दाखवणारी. मुळात प्रश्न दातांचा आहे, तर चेहऱ्याच्या लेन्स वापरून आपण वेळ का घालवतोय? एवढा साधा विचार आजवर कोणी केला नाही.

लेन्सवाल्याने सोबत गोल दिवा दिला. लेन्सच्या तोंडाभोवती कड्यासारखा बसतो. फ्लॅश न वापरण्याबद्दलची माझी भूमिका कायम आहे. हा फ्लॅश नाही, हा दिवा आहे.

घरी आल्यावर भिंगरी हिच्या मांडीवरून उतरेना. गाल सुजला होता. ही म्हणाली की फार रडली, दोघींनी धरून बसवावं लागलं.

१४ जून, शनिवार

भिंगरीला खुर्चीत बसवलं. मान मागे टेकवली. गोल दिवा लावला. लेन्स तोंडाजवळ नेली आणि अगदी प्रेमाने म्हणालो, आ कर.

तिने तोंड मिटलं.

पुन्हा म्हणालो, आ कर बाळा, दुखणार नाही, एकच मिनिट. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि टेबलाखाली गेली.

ही स्वयंपाकघरातून धावत आली. दिवा बघितला, खुर्ची बघितली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, अहो, परवा तिथे हेच होतं. हाच दिवा, हीच खुर्ची, हेच 'आ कर', आणि 'दुखणार नाही' हेसुद्धा. तुम्ही आला असता तर कळलं असतं.

हे निरीक्षण भावनिक आहे, तांत्रिक नाही. मला वाटतं लेन्स फार जवळ येत होती.

१५ जून

भिंगरी कॅमेरा दिसला की तोंड मिटते. मोबाइल दिसला तरी मिटते. हिने बघितलं काढून. ओठ आत ओढून गच्च. जेवताना एक डोळा माझ्या हातावर ठेवते. पुस्तकांच्या अनुक्रमणिकेत 'मिटलेलं तोंड' असा विषय नाही. पाश्चात्त्य लेखकांचा अनुभव कमी पडतो.

आठ दिवस उलटून गेलेत. आईचा फोन आला तेव्हा मी प्रिंटच्या कागदाबद्दल बोललो. चकचकीत की मॅट. ती म्हणाली, कुठलाही चालेल रे.

१८ जून

वाइड लेन्स. सिद्धांत असा: वाइडमध्ये सगळी खोली येते, त्यामुळे मुलाला आपल्यावर रोख आहे असं वाटत नाही. जवळ जाऊनही घरातलं मूल घरातच दिसतं.

जवळ गेलो. भिंगरीचं कपाळ भोपळ्याएवढं आलं, हनुवटी चिंचोक्याएवढी. तोंड मिटलेलं. तिला दाखवलं, हसेल म्हणून. ती हिच्याकडे जाऊन हळूच म्हणाली, बाबांना मी अशी दिसते?

आज थकलोय. लेन्सचा दोष नाही, पण लेन्सचाच आहे.

२१ जून, शनिवार

मेव्हणा आला. टाइल्सच्या दुकानात असतो, वाचन शून्य. भावोजी, हे काय, तोफखाना काढलात की काय, म्हणाला. मी दुर्लक्ष केलं. वाइड काढून ५० लावायला घेतली, कारण त्याच्यासमोर वाइड शोभत नाही.

तेवढ्यात त्याने दोन खडू नाकपुड्यांत घातले आणि हत्तीसारखा झुलायला लागला. भिंगरी हसली. तोंड उघडून, मान मागे टाकून, बऱ्याच दिवसांनी. माझ्या एका हातात वाइड, दुसऱ्या हातात ५०, मांडीवर कॅमेरा. कॅमेऱ्याचंही तोंड उघडं. लावायला तिसरा हात नाही.

ही ओरडली, अहो काढा! लेन्स बसल्याचा टक आवाज झाला आणि भिंगरीने माझ्याकडे बघितलं. मिटलं.

मेव्हणा म्हणाला, परत करू का? खडू अर्धे आत गेले होते, ते काढण्यात वेळ गेला.

२२ जून, रविवार

अंतिम उपाय. मोठी टेलिफोटो. वजन चांगल्या कलिंगडाएवढं. बागेच्या या टोकाला बाकावर मी, त्या टोकाला झोपाळ्यावर भिंगरी. तिला माझा पत्ता नाही. लांबूनही चेहरा समोर बसल्यासारखा दिसतो. खरं सांगायचं तर मला ही लेन्स आधीच माहीत होती.

झोपाळा पुढे येताना तोंड उघडतं, मागे जाताना मिटतं. मी पुढे येतानाचा क्षण पकडणार, तोच बागेचा पहारेकरी मध्ये उभा राहिला. मागे चार आया. कोणाचे फोटो काढताय, त्याने विचारलं. माझ्या मुलीचे, मी म्हणालो. मग एवढ्या लांबून का?

मी उभा राहिलो. बाप आणि लेक यांच्या नात्यावर, सार्वजनिक बागेतल्या नागरिकाच्या हक्कांवर आणि संशय या सामाजिक रोगावर बोललो. चांगलं बोललो. गर्दी वाढली. पहारेकऱ्याने भिंगरीला आणलं आणि विचारलं, हे तुझे बाबा का गं?

भिंगरीने माझ्याकडे बघितलं. माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं. आणि तोंड गच्च मिटलं.

हिला फोन करून बोलवावं लागलं. येईपर्यंत एक आई माझ्या शेजारी बसून होती, मी पळू नये म्हणून. ही आली, सगळ्यांची माफी मागितली. माझ्या वतीने! रस्त्यात एवढंच म्हणाली की घरी नुसते बसत जा ना तिच्याजवळ, हात रिकामे ठेवून. मी म्हणालो, हात रिकामे ठेवून फोटो कसा निघेल?

२४ जून

आतापर्यंतच्यातला उत्तम फोटो निवडला. ८५चा, बादलीच्या आधीचा. उजेड सुरेख, पार्श्वभूमी लोण्यासारखी, डोळे जिवंत. तोंड मिटलेलं. मोठा छापून आईला पाठवला. काही का असेना, दर्जा दर्जा असतो.

२७ जून, शुक्रवार. संध्याकाळी ६

दात पडला. शाळेत, पेन्सिल चावताना. भिंगरीने रुमालात बांधून आणला.

ही दारातच म्हणाली, आता आईंना काय सांगायचं?

मी डगमगलो नाही. मॅक्रो अजून परत केली नव्हती. काळ्या कापडावर दात ठेवला, गोल दिवा लावला. दात हलला नाही, फिरला नाही, टेबलाखाली गेला नाही. पहिल्याच फटक्यात असा फोटो निघाला की एक्स्पर्ट बघत राहील. कडेची बारीक रेघसुद्धा स्पष्ट. छापून उद्या सकाळच्या कुरिअरने. आईला काहीतरी नक्की मिळेल.

३० जून, सोमवार

आईचा फोन. दोन्ही पाकिटं पोचली.

पहिल्या फोटोबद्दल म्हणाली, छान आहे, पण ओठ मिटलेले फोटो माझ्याकडे ह्यांचे ढीगभर आहेत रे. दुसऱ्याबद्दल विचारलं, हा खडा कसला पाठवलास? मी सांगितलं, दात आहे, भिंगरीचा, तोच.  ती म्हणाली, अरे, फट दोन दातांत असते. एका दातात कुठून असणार?

मी गोल दिव्याबद्दल बोलायला लागलो. ती म्हणाली, राहू दे, दमला असशील. फोटो नसला तर नसला. तू तर रोज बघतोस तिला. तूच सांग मला, ती हसते कशी?

मी तोंड उघडलं. गेटसभेत तासभर पाण्याचा घोट न घेता बोलणारा मी. सांगितलं की हसते म्हणजे छान हसते. पुढे काय सांगायचं ते येईना. मोरीतलं आठवलं तर छत आठवलं. हत्तीचं आठवलं तर दोन्ही हातांतल्या लेन्स आठवल्या. झोपाळ्यावरचं आठवलं तर कॅमेऱ्याची चौकट आठवली आणि चौकटीच्या कोपऱ्यातला आकडा. आई पलीकडे थांबली होती. घाई करत नव्हती.

हिने माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाली, आई, आधी खांदे वर जातात. मग डोळे मिटतात, अगदी घट्ट. मग तोंड उघडतं, आणि आवाज येतच नाही. नुसतं तोंड. आपल्याला वाटतं श्वास अडकला. आणि मग मागून येतो आवाज, असा. आणि तिने तो काढून दाखवला.

फोनमधून आईचं ऐकू आलं. हो, म्हणाली. हो गं. ह्यांचाही मागूनच यायचा. मग दोघी बराच वेळ बोलत राहिल्या.

आवाज मागून येतो हे मला माहीत नव्हतं. ना भिंगरीचा, ना बाबांचा.

फोटोत आवाज येत नसतो, त्यामुळे तो माझ्या कक्षेतला विषयच नव्हता, असं इथे लिहिणार होतो. लिहीत नाही.