माझं रक्त चोख निघालं त्याबद्दल

दिंडोरी, जि. नाशिक
छाटणी उरकल्यानंतरचा पहिला रविवार

सन्माननीय सावळीरामदादा यांस,

सोमनाथचा दंडवत. (तुम्ही माझ्या बायकोचे भाऊ, आणि आमच्या शेखरला तुमची वेदिका दिल्यापासून माझे व्याही. दोन्ही नात्यांनी मान माझ्याकडे येतो. पण वयाने तुम्ही मोठे, म्हणून दंडवत मी घालतो. याला मनाचा मोठेपणा म्हणतात.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर आटोक्यात आहे ना? नदीकाठच्या वावरातलं पाणी ओसरलं का? इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे, पण मी चुकीची नोंद करत नाही. नातवाचं तेवढं क्षेम नाही, म्हणून पत्र. माझा फोन तुम्ही उचलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या रेघा उमटतात आणि उत्तर येत नाही. तेव्हा हे खताच्या टेम्पोवाल्याच्या हाती धाडतोय. वाचून होईपर्यंत समोरून हलू नको, असं त्याला बजावलंय. त्याला चहा द्यावा, साखर कमी.

आपल्या नातवाच्या, गोरक्षच्या जावळाला तुमच्या अंगणात जे झालं ते मी विसरलेलो नाही. पोराला पुन्हा जुलाब सुरू झाले, दुपट्याला रक्त दिसलं, आणि तुम्ही साऱ्या भावकीसमोर म्हणालात, "दाजी, तुमच्या बागेतल्या फवाऱ्यानं लेकराची आतडी जाळली." फवाऱ्याने! ज्या माणसाच्या हातून औषध कधी अर्धा चमचा जास्त पडलं नाही, त्याला! मग मी तुमच्या हापशाच्या पाण्याबद्दल बोललो, आणि त्या भरात तुम्हाला जंगली खुंट म्हणालो. तुम्ही म्हणालात, "मग जंगलात जेवायला कशाला आलात?" मी ताटावरून उठलो. (मटण बरं झालं होतं, असं शेखर नंतर म्हणाला. मला त्याच्याशी कर्तव्य नाही.) तेव्हापासून आपलं बोलणं बंद, आणि पोराचं रक्त मात्र चालूच.

दादा, तुम्हाला ठाऊक आहे, मी नववीपर्यंत शिकलो. पुढचं सगळं स्वतःचं स्वतः. रानटी मुळाच्या खुंटावर द्राक्षाचं कलम भरायला मला कुणी शिकवलं नाही, आणि आज दिंडोरीपासून ओझरपर्यंत माझ्या रोपवाटिकेच्या वेली उभ्या आहेत. तेव्हा नातवाचं दुखणं मी असं डॉक्टरांवर सोडून देईन हे शक्य नव्हतं. दात येताहेत म्हणाले, जंत म्हणाले, शेजारच्या बयाबाईंनी दृष्ट काढली, एका वैद्यांनी ताक बंद केलं, दुसऱ्यांनी ताकच चालू ठेवा म्हटलं. पोर वाळत गेलं. बसायच्या जागी फोड आले, ते भरेनात. तेव्हा नाशकात मेहविश मॅडमचं नाव कळलं. लहान मुलांच्या पोटाच्या डॉक्टर, वयाने आपल्या वेदिकेएवढ्या. मी तयारीनेच गेलो. निर्यातीच्या द्राक्षमण्यांचा रंग ताडायला आपल्याकडे कार्ड असतं ना, त्यावर मी रोजचं दुपटं ताडून ठेवलं होतं. अंबर, फिका हिरवा, गडद, सगळं. मॅडमनी कार्ड नीट पाहिलं, परत दिलं आणि म्हणाल्या, "काका, छान आहे. पण मला पोराचं रक्त पाहिजे. आणि आईबापाचंही."

आता इथे शांतपणे वाचा, कारण हे मी स्वतः समजून घेतलंय आणि तुम्हाला समजावण्याची माझी हातोटी आहे. आतड्याला सूज आली की शरीर निरोप धाडतं, बस झालं, आता आवर. तो निरोप ऐकायला एक कान लागतो. त्या कानाचा साचा प्रत्येकाकडे दोन प्रतींत असतो, एक आईकडून, एक बापाकडून. एक प्रत बिघडली तरी काही अडत नाही. माणूस ठणठणीत राहतो, मिशांना पीळ देत गावभर फिरतो (कोण ते पुढे येईलच). दोन्ही बिघडल्या की निरोप पोचत नाही आणि आतडं जळतच राहतं. मोठ्या माणसांच्या अशा दुखण्याला शंभर कारणं असतात, पण इतक्या लहानपणी इतकं पेटलं तर एकच बिघाड शोधायचा असतो, आणि तो रक्तातल्या मजकुरात अक्षर अक्षर वाचून शोधतात. मला हे काम आवडलं. ते करणारी माणसं माझ्यासारखी आहेत.

नमुना देण्याआधी मॅडमनी विचारलं, "नवरा-बायकोचं नात्यात लग्न आहे का?" मी ताठ बसून म्हणालो, "मुळीच नाही. आमच्यात पद्धतच नाही." शेखरने मान डोलावली, वेदिकेने डोलावली, तुमच्या बहिणीने, चंद्रभागेनेही डोलावली. मॅडमनी तसं लिहून घेतलं, आणि त्या एका 'नाही'मुळे शोध बरेच दिवस भलत्याच वाटेने गेला. शेवटी रिपोर्ट आला तेव्हा त्यात गोरक्षच्या दोन्ही प्रती एकाच जागी, एकाच अक्षराला बिघडलेल्या. मॅडमनी चष्मा काढला. "काका, सुनेचे वडील तुमचे कोण?" म्हटलं, "मेहुणे. बायकोचे सख्खे भाऊ." "मग नात्यात नाही कसं म्हणालात?" म्हटलं, "मॅडम, ती मामाची मुलगी आहे. मामाची मुलगी म्हणजे हक्क. त्याला नात्यात कोण म्हणतं?" मॅडम इतक्या हसल्या की बाहेरून नर्स डोकावली. म्हणाल्या, "आमच्यात लोक सरळ सांगतात. तुम्ही करता तेच, फक्त कबूल करत नाही." यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण पोर रडायला लागलं.

म्हणजे बिघडलेली एक प्रत वेदिकेकडून आणि एक शेखरकडून. शेखरला ती माझ्याकडून आली की चंद्रभागेकडून? मॅडम म्हणाल्या, उपचारासाठी हे कळायची गरज नाही. मी म्हणालो, मला आहे. दोघांचं रक्त दिलं. (नर्सने नळीवर माझं नाव चुकीचं लिहिलं होतं, ते तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतलं.) आणि दादा, अभिमानाने कळवतो की माझ्या दोन्ही प्रती स्वच्छ आहेत. चोख. लेखी आहे. खोट आली ती चंद्रभागेकडून, आणि वेदिकेला तुमच्याकडून, म्हणजे दोन्ही वाटा तुमच्या सायखेड्याच्या एकाच उंबऱ्यातून निघाल्या. फवाऱ्याचा संबंध नाही. (हापशाचाही नाही, हे न्यायाने लिहितो.) गाडीत मी हे चंद्रभागेला दोनदा समजावलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमच्या रिपोर्टला लॅमिनेशन करा आणि पोराच्या उशाला ठेवा. बघा दुखणं उतरतंय का." तुमच्या घराण्याची बोलायची पद्धत तुम्हाला माहीत आहेच.

तर एवढंच कळवायचं होतं, की सत्य बाहेर आलं आणि ते माझ्या बाजूचं आहे. वहिनींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद.

आपला (निर्दोष),
सोमनाथ

ता.क. रिपोर्टमुळे एक बरं झालं. कारण नेमकं कळलं, म्हणून उपायही नेमका सापडला. औषधांनी फार दिवस निभणार नाही, पण दुसऱ्या माणसाच्या हाडातला मगज पोराला दिला तर निरोप ऐकणारं नवं रक्त तयार होतं. सोप्या भाषेत, वेल तीच ठेवून खालचं मूळ बदलायचं. हे मी मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "काका, हे मात्र बरोबर."

ता.क. दुसरा. तो मगज कुणाचाही चालत नाही. जुळावा लागतो. आईबापाचा अर्धाच जुळतो, चंद्रभागेचाही अर्धाच. मी सर्वांत आधी बाही वर केली होती. माझा काहीच जुळला नाही. त्या बाबतीत माझ्याकडचं पोरात काही उतरलेलंच नाही. इतकं चोख रक्त, आणि नातवाच्या कामाचं नाही. मॅडम म्हणाल्या, आईकडून आणि आजीकडून दोन्ही वाटा ज्या एका घरात जातात, तिथे पूर्ण जुळणारं माणूस सापडण्याची आशा सर्वांत जास्त. एक प्रत बिघडलेली असली तरी त्या माणसाचा मगज चालतो. मी त्यांना दोनदा विचारून खात्री केली.

ता.क. तिसरा. आधी फक्त गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवतात. दुखत नाही. टेम्पोवाला परत येताना रिकामाच येतो, पुढे बसायला जागा आहे. येताना तंबाखू खाऊ नका. पोर तुम्हाला ओळखतं, मिशा ओढेल. जुळलं आणि पोर उठून चालायला लागलं की सायखेड्याला येऊन ते अर्धवट राहिलेलं जेवण पूर्ण करीन. तुम्ही वाढायचं.

जंगली खुंट म्हणालो ते मी मागे घेत नाही. पण दादा, तुम्ही माझी रोपवाटिका पाहिली आहे. गोड जातीच्या काड्या मी कुठूनही आणतो. जपून ठेवतो तो खुंट.