खंड्याच्या पाठीवरचा डाग

मिरजगाव, १० मार्च १९७२

जळक्या केसांचा वास अजून ओसरीवर आहे. संताप उतरत नाही म्हणून लिहायला बसले.

बैलगाडीखाली सापडल्यापासून आमचा कुत्रा खंड्या मागचे पाय ओढत होता. माहेरी आबा वासरांना करायचे तसं, मी रोज त्याच्या मणक्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे हलके दाबत न्यायची. काल तो चारी पायांवर उभा राहिला. डळमळला, पण राहिला.

आज मी बाजाराला गेले आणि भाऊजींनी विळा तापवून त्याच्या पाठीवर डाग दिला. बैलांना देतात तसा. मला विचारायचं तरी. पण इथं मला विचारतं कोण?

"वैनी, बघा कसा पळतोय. डागाबिगर जनावर उठत न्हाई," भाऊजी म्हणाले. सासूबाईंनीही मान डोलावली. पाठ जळाल्यावर पळणार नाही तर काय करील? आता गावभर डागाचंच नाव होणार.

होईना का. मघाशी नेहमीसारखा हात पुढे केला. तोच जळका वास. खंड्यानं अंग चोरलं आणि गाडीखाली जाऊन बसला. जिनं त्याची पाठ मोडली, त्याच गाडीखाली. माझ्या हातापेक्षा त्याला ती बरी वाटली.