स्थिर टेबलावरचा भोवरा

४ जून, मंगळवार
पुन्हा तेच! टेबल जागचं हललं नाही, तरी डबी म्हणते — मी फिरतेय. खोटारडी!

खरं तर काम साधं. डबीत एक कडं. नळीतून आलेलं पाणी त्याच्या बाहत्तर भोकांतून आत येतं, मधल्या भोकातून खाली जातं. डबी स्थिर असेल तर पाण्यानं सरळ जायचं. फिरली तरच भोवरा. ही डबी बोटीत बसवतात; त्यावरून बोटीला कळतं, आपण किती वळलो. आज पाण्यात शाई सोडली. शाईचे धागे मधे येता येता डावीकडे वळले, मोरीतल्या पाण्यासारखे.

साहेब म्हणाले, "शुक्रवारपर्यंत दोष शोधा. नाहीतर तुमच्या प्रोबेशनचं बघावं लागेल."

५ जून
कडं बाबांनी केलंय. ते आमच्याच कारखान्यात, एकतीस वर्षं ड्रिलवर. हल्ली सारखा चष्मा पुसतात. भोकं तिरकी पडली असतील? त्यांना विचारायला जीभ रेटत नाही.

६ जून
जेवताना बोललेच एकदाची. "बाबा, डबी स्थिर असताना पाणी वळतंय."

त्यांचा हात थांबला. "नळी कुणी जोडली?"

"मी."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मग कड्याचंच असेल. माझी नजर आता पूर्वीची राहिली नाही. लिही तसं."

ताटातलं संपवून उठले. आई माझ्याकडे बघेना.

७ जून
लिहिलं. 'कड्याची भोकं तिरकी.' खाली सही. बाबांना ड्रिलवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं — रिटायर व्हायला आठ महिने असताना! वाईट वाटलं. सुटल्यासारखंही वाटलं. खोटं कशाला लिहू?

१५ जून
मी नोकरीत कायम झाले! बाबा शेजारीपाजारी स्वतः सांगून आले.

१९ जून
बाहेरून नवं कडं आलं. भोकन् भोक सरळ, मोजून घेतलं. उद्या बसवते.

२० जून
तेवढंच वळण.

नळी काढली. जोड तिरका बसलाय — माझाच. सरळ केला, शाई सरळ गेली. मग बाबांचं जुनं कडं घातलं. तरी सरळ.

"नळी कुणी जोडली?" एवढंच विचारलं होतं त्यांनी.

साहेबांच्या केबिनबाहेर बसून लिहितेय. सात तारखेचा रिपोर्ट हातात आहे.