ओला रंग

झेली,

तू मेली नाहीस, हे मला आज सकाळी एका चित्रकाराकडे धुतलेले शर्ट पोचवताना कळलं.

भिंतीला टेकवलेल्या चित्रात एक बाई पाठमोरी बसली होती. तिच्या उजव्या खांद्यावर इस्त्रीच्या टोकाचा डाग होता. लहानपणी भांडताना मीच तुला दिलेला चटका. मी डागावर बोट ठेवलं, तर रंग ओला.

"अहो बाई, हात काय लावताय? कालच काढलंय ते," चित्रकार खेकसला.

"कोण आहे ही?"

"मॉडेल. दर मंगळवारी येते. नाव विचारायचं नाही, या अटीवर बसते."

दोन वर्षांपूर्वी सेन नदीतून काढलेली मुलगी शवागाराच्या काचेमागे ओळख पटवायला ठेवली होती. आईला बघवेना, म्हणून तिने मला पुढे ढकललं. परकर तुझाच होता, त्यावरचं रफू माझ्या हातचं. चेहरा मी नीट पाहिलाच नाही, 'हीच' म्हणून नुसती मान हलवली. तो परकर तू कुणाला दिला होतास गं?

"बोटाला काय लागलंय?" आईने आत्ता विचारलं.

"खिडकीचा रंग," मी म्हटलं. ती तुझ्या थडग्यासाठी फुलं निवडत होती.

तुझा पत्ता नाही, त्यामुळे हे पत्र माझ्या एप्रनच्या खिशातच राहील. मंगळवारी त्या चित्रकाराच्या जिन्यात उभं राहायचं धाडस होईल का, ठाऊक नाही. तुझ्यावर मी नंतर चिडेन. आधी मला सांग, तुझ्या नावाच्या क्रुसाखाली आम्ही कुणाची लेक पुरली? तिची आई अजून त्या काचेपुढे जात असेल.

ओनोरीन